सस्तन प्राणी ओळखायचा कसा? नावावर जाऊ नका, दात बघा

परवा भाचीने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. ओट्याखालून एक करडा प्राणी भिंतीच्या कडेकडेने पळतोय आणि मागे चार पिल्लं, प्रत्येकाने पुढच्याच्या शेपटीजवळची कातडी तोंडात धरलेली, अगदी आगगाडीचे डबे जोडल्यासारखी. खाली मेसेज, "मामा, घरात उंदरांचं लेंढार झालंय, औषध कुठलं टाकू?" मी लगेच फोन केला, म्हटलं औषध बिलकूल टाकू नकोस, तो उंदीर नाही, चिचुंदरी आहे, तुझ्या घरातली झुरळं खाते ती.

तिला पटेना. मग व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवलं. नाकाडं बघ, खालच्या जबड्याच्या कितीतरी पुढे आलंय आणि सारखं हलतंय. डोळे टाचणीच्या डोक्याएवढे. शेपटी बुडाशी जाड आणि तिच्यावर मधेच एखाद-दुसरा लांब केस. वास तर एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो. आणि खरा फरक तोंडात आहे, उंदराला पुढे वर दोन खाली दोन छिन्नीसारखे दात आणि त्यांच्यामागे मोकळी जागा, चिचुंदरीला मात्र ओळीने टोकदार दात, किड्यांचं कवच फोडायला. तिचं नातं उंदराशी नाहीच, ते काटेरी अंगाचा हेजहॉग आणि जमिनीत बिळं खणणारा मोल या प्राण्यांशी. नात्याने बघायला गेलं तर उंदीर तिच्यापेक्षा आपल्याला, म्हणजे माणसाला जास्त जवळचा आहे.

तेव्हाच ठरवलं की हे नीट लिहून काढायचं, कारण हा घोळ फक्त तिचा नाही. आपल्या भाषेतली प्राण्यांची नावं मला फार आवडतात पण ती दिसणं सांगतात, नातं नाही. देवमासा मासा नाही. खवले मांजर, उदमांजर, पाणमांजर यातलं एकही मांजर नाही. पाणघोडा घोडा नाही. म्हणून प्राणी समोर आला की नाव थोडा वेळ बाजूला ठेवा आणि खाली सांगतोय त्या क्रमाने बघत जा.

आधी हे नक्की करा की सस्तन आहे का

शाळेत पाठ केलेलं असतं की पिल्लांना जन्म देतो तो सस्तन आणि अंडी घालतो तो नाही. हे डोक्यातून काढून टाका. आपल्याकडची घोणस थेट पिल्लं घालते, फुरसंही घालतं, आणि ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो तरी सस्तन आहे. गरम रक्त म्हणाल तर चिमणीचंही गरमच असतं, आणि चार कप्प्यांचं हृदय पक्ष्यांनाही आहे.

मग उरतं काय, तर दूध आणि केस. स-स्तन हा शब्दच ते सांगतो, आणि मॅमेलिया या लॅटिन नावाचा रोखही तिकडेच आहे. स्वीडनच्या कार्ल लिनियस या निसर्गशास्त्रज्ञाने ते नाव १७५८ मध्ये छापलं, त्याआधी तो या गटाला चतुष्पाद म्हणायचा. आता चार पाय हीच खूण धरली तर पाल आणि बेडूकही आत येतील आणि देवमासा बाहेर राहील. पायांऐवजी दूध धरल्यावर देवमासा माशांतून उठून आपल्या पंगतीला आला. मला ही सगळ्या जीवशास्त्रातली सगळ्यात सुंदर दुरुस्ती वाटते.

दुधात एक फसगत होते, कबुतर. कबुतरंही पिल्लांना दुधासारखं काहीतरी भरवतात पण ते गळ्यातल्या पिशवीच्या अस्तरापासून बनतं आणि नर-मादी दोघंही भरवतात. सस्तनांचं दूध कातडीतल्या खास ग्रंथींमधून येतं, तीच खूण धरायची. केसांत फसवणारा म्हणजे सुरवंट, त्याचे केस म्हणजे कीटकाच्या कवचाचाच प्रकार, खरा केस हा नखांच्याच पदार्थाचा असतो आणि कातडीतून उगवतो. साळिंदराचे काटे हे जाड झालेले केसच आहेत. देवमासा अगदी गुळगुळीत दिसतो पण काही देवमाशांच्या तोंडाभोवती थोडे केस असतात, आणि डॉल्फिनच्या पिल्लाच्या चोचीवर जन्माच्या सुमारास मोजके केस असतात, मग गळून जातात.

तिसरी खूण बाहेरून दिसत नाही पण स्वतःवर करून बघता येते. कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. हलतो तो जबड्याचा सांधा. सस्तनांच्या खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेकच हाड असतं, दात धरणारं, आणि ते थेट कवटीला जोडलेलं असतं. सरड्या-मगरींच्या जबड्यात हाडं जास्त असतात आणि सांधा वेगळ्याच दोन हाडांचा असतो. ती दोन हाडं आपल्याकडे गेली कुठे? कानात. लाखो पिढ्यांत ती लहान होत होत मधल्या कानात सरकली, हातोडी आणि ऐरण म्हणतो ना आपण ती हीच, तिसरी रिकीब आधीपासून होतीच. म्हणजे तुमचं बोट जिथे आहे त्याच्या जेमतेम पेरभर आत जुन्या सांध्याची हाडं अजून हलतायत, फक्त आता चावायला नाही, ऐकायला.

बाकी खुणा भराभर सांगतो. छाती आणि पोटाच्या मधे श्वासपटल, रक्तातल्या लाल पेशींत केंद्रक नाही, मानेत सात मणके, जिराफालाही सात आणि उंदरालाही सातच, फक्त झाडाला लटकणारा स्लॉथ आणि पाण्यात राहणारी मॅनेटी याला अपवाद.

मग तीन मोठ्या घरांपैकी कुठलं

जगात साधारण साडेसहा हजार जातींचे सस्तन आहेत, भारतात चारशेच्या वर. हे सगळे तीन घरांत बसतात.

अंडी घालणाऱ्यांचं घर सगळ्यात छोटं, एक प्लॅटिपस आणि चार प्रकारचे काटेरी एकिड्ना, सगळे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचे. यांना स्तनाग्रं नसतात, दूध कातडीवरच्या जागेतून पाझरतं आणि पिल्लू ते चाटतं. प्लॅटिपसचं कातडं इंग्लंडला पोचलं आणि १७९९ मध्ये त्याचं वर्णन छापलं गेलं तेव्हा वर्णन करणाऱ्यालाच शंका होती की कुणी बदकाची चोच तर शिवली नाही ना. तो खरंच अंडी घालतो याची पक्की खात्री व्हायला १८८४ उजाडलं.

दुसरं घर पिशवीवाल्यांचं, कांगारू, कोआला वगैरे, आणि अमेरिकेतले ओपोसम. कांगारूचं पिल्लू महिनाभरात जन्मतं, वजन एका ग्रॅमच्याही आत, डोळे बंद, मागचे पाय धड झालेले नाहीत, आणि तसंच पुढच्या पायांनी आईच्या केसांना धरून वर चढतं, पिशवीत शिरतं आणि स्तनाग्राला चिकटतं ते कित्येक महिने. भारताच्या रानात या दोन घरांतलं कोणीही नाही.

तिसरं घर वारेचं. गाय व्याली की वार पडायची वाट बघतात ना, तीच वार. तिच्यातून पिल्लाला आईच्या पोटातच पोषण मिळतं म्हणून ते जास्त वाढून बाहेर येतं. आपल्या आजूबाजूचा कुठलाही सस्तन बघा, चिचुंदरीपासून हत्तीपर्यंत, याच घरातला. वार पिशवीवाल्यांनाही थोडी असते पण फार थोडा वेळ.

आता दात, इथे घाई करू नका

माझ्या मते सगळी मजा इथे आहे. मगरीचे दात साधारण एकाच साच्याचे असतात, पडतात आणि पुन्हा पुन्हा येतात. सस्तनांत वेगळं, पुढचे कुरतडायला, सुळे फाडायला, दाढा चावायला, आणि बहुतेकांना आयुष्यात दोनच संच. हे परवडतं कारण दूध आहे. पिल्लू आधी दुधावर वाढतं, जबडा बराचसा तयार होतो, मगच कायमचे दात येतात, त्यामुळे वरची दाढ खालच्या दाढेवर नीट बसते. आपण दुधाचे दात म्हणतो ते किती नेमकं आहे बघा.

बैलवाल्या लोकांना हे पाठ असतं. शर्यतीच्या बैलाला आदत म्हणतात तेव्हा त्याचा दुधाचा एकही दात पडलेला नसतो, साधारण दोन वर्षांच्या सुमारास मधली जोडी बदलली की दुसा, मग चौसा. जनावराचं वय सांगायला कागद लागत नाही, ओठ वर केला की झालं.

तुम्हाला शिकायचं असेल तर मटणवाल्याकडून बोकडाची मुंडी आणा (शाकाहारी असाल तर गोठ्यात जा, शेळी बिचारी तोंड उघडू देते). वरच्या जबड्यात पुढे बोट फिरवा, दातच नाहीत, नुसती कडक गादी. खाली पुढे आठ दात, सगळे एकसारखे पसरट. मग दोन-तीन बोटं मोकळी जागा. आणि आत दाढा, त्यांच्यावर चंद्रकोरीसारख्या उभ्या धारा, हाताला कानशीसारख्या लागतात. गवत गादी आणि खालच्या दातांच्या मधे धरून तोडायचं, गिळायचं, आणि मग निवांत बसून कोठ्यातून परत तोंडात आणून रवंथ करायचं. गाय, म्हैस, गवा, सांबर, चितळ, काळवीट सगळ्यांच्या तोंडात हीच मांडणी.

मग घरातली मांजर जांभई देईल तेव्हा बघा. पुढे तांदळाच्या कणीएवढे सहा-सहा दात, मग सुळे, आणि मागे दाढा नाहीतच म्हणा, दोन पाती आहेत, कात्रीसारखी एकमेकींना घासून जाणारी. म्हणून मांजर मान वाकडी करून गालाच्या कडेने खाते. ही कात्री मांसभक्षी गटाची खूण. वाघ, बिबट्या, लांडगा, कोल्हा, खोकड, मुंगूस, उदमांजर, पाणमांजर, तरस सगळे इथले. गटाचं नाव मांसभक्षी असलं तरी ते खाणं नाही, घराणं सांगतं, कारण अस्वलही यातच येतं आणि ते मोहाची फुलं आणि वाळवी खाऊन राहतं, त्याच्या दाढाही त्यामुळे सपाट झाल्यात. आणि तरसाला कुत्र्यासारखा समजू नका, तो मांजर-मुंगूस या बाजूचा आहे, कुत्र्याच्या बाजूला अस्वल आणि पाणमांजर.

कुरतडणाऱ्यांचा गट सगळ्यात मोठा, जगातल्या सस्तनांच्या जातींपैकी शंभरात चाळीस तरी हेच. उंदीर, घूस, खार, शेकरू, साळिंदर. पुढचे चार दात जन्मभर वाढत राहतात, पुढच्या बाजूला पिवळट-नारिंगी कडक थर, मागे मऊ, त्यामुळे कुरतडलं की आपोआप धार लागते. उंदीर तुमच्या वायरी भुकेपोटी तोडत नाही, दात झिजवले नाहीत तर ते वाढून तोंड मिटणं मुश्किल होईल. शेकरू हा आपला राज्यप्राणी, भीमाशंकरला गेलात तर झाडावर फांद्या-पानांची मोठाली घरटी दिसतात, एकाच शेकराची बरीच असतात. ससा मात्र यात घालू नका. त्याच्या वरच्या पुढच्या दोन दातांच्या मागे लपलेली आणखी एक छोटी जोडी असते, म्हणून त्याचा गट वेगळा.

दातांवर एवढा जोर देतोय कारण शास्त्रज्ञही तेच करतात. दख्खनच्या लाव्हाच्या थरांमधल्या गाळात, तेलंगणात नस्कलला, डायनोसॉरच्या शेवटच्या काळातल्या एका चिमुकल्या सस्तनाचे दात सापडले, त्याचं नाव ठेवलं डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी, नागपूरला राहून हे थर अभ्यासणाऱ्या स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून. चिचुंदरीच्या मापाचे दात, त्यावरून तो कोण आणि काय खायचा हे ठरवतात. दात हे शरीरातलं सगळ्यात कडक, सगळं गेलं तरी ते उरतं.

दात दिसत नसतील तर पाय आणि शिंगं

रानात कोण तोंड उघडून दाखवणार. तेव्हा चिखलातला ठसा. दुभंगलेला खूर असेल तर समखुरी, रानडुक्कर, सांबर, गवा, शेळी. एकच अखंड खूर म्हणजे घोडा-गाढव, ते एका बोटाच्या टोकावर चालतात, त्यांचा भाऊबंद गेंडा तीन बोटांवर. पंजा असेल आणि नखं उमटली नसतील तर बहुतेक मांजरकुळ, ते नखं आत ओढून चालतात.

शिंगांत सगळे घोळ करतात. सांबर, चितळ, भेकर हे खरे हरणकुळातले, फक्त नराला शिंगं, ती भरीव हाडाची आणि दर वर्षी गळून पुन्हा येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा, नीलगाय, गवा यांची शिंगं कायमची, आत हाड आणि वर नखाच्या पदार्थाचं म्यान, फाटे फुटत नाहीत. काळविटाला सगळे हरीण म्हणतात, पण तो गाय-शेळीच्या कुळातला. आणि सशापेक्षा थोडीच मोठी पिसोरी, तिला शिंगंच नाहीत, नराला छोटे सुळे असतात.

माकड-वानर आणि माणूस यांचं सोपं, नख्यांऐवजी चपटी नखं, पकडणारा हात, दोन्ही डोळे समोर. काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते वानर, लालसर तोंडाचं ते माकड. हत्तीचे सुळे हे खरे सुळे नाहीत, वरचे पुढचे दात आहेत, आणि हत्तिणीचे स्तन पुढच्या पायांच्या मधे असतात, पिल्लू पिताना बघा. हत्तीचा जिवंत नातेवाईक समुद्रात आहे, डुगाँग, कच्छच्या आखातात आणि मन्नारच्या आखातात.

तिघांसाठी वेगळं बसा

वटवाघूळ. एकदा सकाळी गॅलरीत कोपऱ्यात एक पडलेलं होतं, अंगठ्याएवढं. हात न लावता टॉर्चने बघितलं. पंख म्हणजे पंख नव्हेच, हात आहे तो, चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली, त्यांच्यात पातळ कातडी, आणि अंगठा वर मोकळा, आकडीसारखा. अंगावर मखमली केस. पीस एकही नाही. सस्तनांत जवळपास पाचातली एक जात वटवाघळाची आहे. मोठी फळं खाणारी झाडाला लटकतात ती डोळ्यांनी आणि वासाने वाट काढतात, छोटी किडे खाणारी आवाजाच्या प्रतिध्वनीने. बेळगावजवळच्या बारापेडे गुहेतून एक जात जगाला पहिल्यांदा कळली, १९१३ मध्ये तिचं वर्णन झालं, मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सस्तनांचं मोठं सर्वेक्षण चालवलं होतं त्या काळात.

डॉल्फिन. दापोली, मालवणकडे बोटीतून दिसला तर शेपटी कशी हलते तेवढंच बघा. माशाची डावी-उजवीकडे, डॉल्फिनची वर-खाली. धावणाऱ्या कुत्र्याची पाठ कशी वर-खाली वाकते, तशीच. नाक डोक्यावर, श्वास घ्यायला वर यावंच लागतं. म्हणून २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं तेव्हा त्याला पाण्याबाहेर श्वास घेता येत होता, मासा असता तर आला नसता. किनाऱ्यावर त्याला मारतं ते स्वतःचंच वजन आणि अंगातली वाढणारी उष्णता. देवमाशांचे पूर्वज खुरांचे होते. जम्मूच्या कालाकोटकडून मिळालेल्या इंडोह्यस नावाच्या, पिसोरीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या हाडांनी २००७ मध्ये हा दुवा पक्का केला. आज जिवंत असलेल्यांत देवमाशाचा सगळ्यात जवळचा कोण, तर पाणघोडा.

खवले मांजर. बघितलं की साप-सुसरीची आठवण येते पण खवल्यांच्या मधे आणि पोटावर केस असतात, पिल्लू आईच्या शेपटीवर बसून फिरतं आणि दूध पितं. दात एकही नाही, लांब जिभेने मुंग्या-वाळवी टिपतं. खवले नखांच्याच पदार्थाचे, औषधी गुण शून्य, आणि तरीही त्यासाठी त्यांना मारतात. हे ज्याला त्याला सांगा, वाद झाला तरी सांगा.

शेवटचं, सरावाबद्दल. रोज रस्त्याकडेला दिसणाऱ्या पाच प्राण्यांपासून सुरू करा, केस, दात, पाय, मग नाव, आणि वहीत तारखेने लिहा. रानात कवटी किंवा शिंग सापडलं तर शेजारी पेन ठेवून फोटो काढा आणि तिथेच राहू द्या, वन्यप्राण्याचे अवशेष घरी आणणं कायद्याने गुन्हा आहे. वटवाघूळ, माकड, जखमी कोल्हा यांना उघड्या हाताने शिवू नका, चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. आणि बिबट्या किंवा खवले मांजर वस्तीत आलं तर गर्दी जमवू नका, व्हिडिओ नंतर, आधी वनविभागाच्या १९२६ ला फोन.